अ‍ॅम्प्लिफायरसाठी सिग्नल ओळखणारा ऑटो-स्टँडबाय सर्किट: मोजमापापासून रिलेपर्यंत

गाणे सुरू झाले की अ‍ॅम्प्लिफायर आपोआप चालू व्हावा आणि बराच वेळ शांतता राहिली की बंद पडावा, एवढेच काम असलेले हे सर्किट वारंवार फसते. हळू आवाजात ऐकताना अ‍ॅम्प्लिफायर मध्येच बंद पडतो, पंख्याचे बटण दाबले की चालू होतो, नाहीतर बंद झाल्यावर दोन सेकंदांत पुन्हा सुरू होतो. याचे कारण बहुतेक वेळा बांधणीच्या क्रमात असते. आधी रिले (विजेने चालणारा स्विच) आणि मेन्सची वायरिंग होते, मग अंदाजाने प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा बदलता रेझिस्टर) फिरवला जातो. खरा प्रश्न असा आहे की तुमच्या सोर्सचा (गाणे देणाऱ्या उपकरणाचा) रिकामा आवाज, म्हणजे काही वाजत नसतानाची खरखर, किती आणि तुमचे सर्वांत हळू गाणे किती. हे दोन आकडे हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथे दिलेला सर्किट २३० व्होल्टच्या, साधा ट्रान्सफॉर्मर असलेल्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरसाठी आहे. २५ वॅट रिकामे खाणारा अ‍ॅम्प्लिफायर दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याला १८ युनिट जातात. हा सर्किट स्टँडबायमध्ये पाव-अर्धा वॅट घेतो. लेखात ‘के’ म्हणजे किलोओहम आणि ‘मेग’ म्हणजे मेगओहम.

तयारी: सामान आणि आराखडा

सिग्नलचा मार्ग असा आहे: लेफ्ट आणि राइट इनपुट एकत्र करून सुमारे ४७० पट वाढवायचे, उंबरठ्याशी तुलना करायची, सिग्नल सलग टिकला तरच खरा मानायचा, मग लॅच (रिसेट होईपर्यंत ‘चालू’ ही स्थिती धरून ठेवणारा भाग) सेट होऊन रिले ओढला जातो. शांतता झाली की काउंटर मोजू लागतो आणि १५ मिनिटांनी लॅच रिसेट करतो.

- आयसी: टीएल०७२ (वर्धन), एलएम३९३ (तुलना), सीडी४०६० (वेळ), सीडी४०१३ (लॅच). चारही सॉकेटसह घ्या.
- ट्रान्झिस्टर: बीसी५४७ दोन.
- डायोड: १एन४१४८ सात, १एन४००७ एक.
- रेझिस्टर, पाव वॅट: १०० ओहम एक, १ के एक, ४.७ के एक, १० के सहा, ४७ के तीन, १०० के सहा, २२० के एक, ४७० के एक, १ मेग दोन, २.२ मेग एक.
- प्रीसेट: २.२ के, मल्टीटर्न.
- कपॅसिटर: २२ आणि ४७ पिकोफॅरड सिरॅमिक, फिल्म प्रकारात १० नॅनोफॅरड दोन, १०० नॅनोफॅरड एक, २२० नॅनोफॅरड एक, २.२ मायक्रोफॅरड एक. इलेक्ट्रोलिटिक १, १०, ४७ मायक्रोफॅरड प्रत्येकी एक आणि १०० मायक्रोफॅरड दोन, सर्व २५ व्होल्ट. बायपाससाठी १०० नॅनोफॅरड सिरॅमिक सहा.
- १२ व्होल्टचा रिले, एक एलईडी, २३० व्होल्टवरून १२ व्होल्ट देणारे बंदिस्त ३ वॅटचे पॉवर मॉड्यूल (हाय-लिंक पीएम१२ किंवा तत्सम).
- चाचणीसाठी १२ व्होल्टचा अडॅप्टर, एक फिल्म १ मायक्रोफॅरड कपॅसिटर, आणि आणखी एक १० के व एक १०० ओहम रेझिस्टर.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळे एका फेरीत मिळते. २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर एखाद्या दुकानात नसेल तर १ मायक्रोफॅरडचे दोन समांतर जोडा.

मल्टिमीटरकडे आधी नीट पाहा. स्वस्त ८३० मालिकेच्या मीटरवर एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर मिलिव्होल्ट दिसत नाहीत. एसी २ व्होल्ट किंवा २०० मिलिव्होल्ट रेंज असलेला मीटर लागेल.

> सावधान: टप्पा ७ येईपर्यंत सगळे काम १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर करा. अ‍ॅम्प्लिफायरचे झाकणही तोवर उघडायची गरज नाही.

टप्पा १: सप्लाय आणि मधला बिंदू

१२ व्होल्टवरून १०० ओहम रेझिस्टर घालून त्यापुढे १०० मायक्रोफॅरड जमिनीला (म्हणजे १२ व्होल्टच्या मायनस टोकाला) जोडा. ही झाली ‘स्वच्छ’ लाइन. टीएल०७२ आणि उंबरठ्याची साखळी यावरच चालतील, बाकी तीन आयसी आणि रिले थेट १२ व्होल्टवर. हा १०० ओहम गाळला तर रिले ओढताना होणारा व्होल्टेजचा धक्का थेट पहिल्या टप्प्यात शिरतो.

साखळी अशी: स्वच्छ लाइन, १० के, मग २.२ के प्रीसेटची दोन टोके, मग १० के जमिनीला. प्रीसेटचे खालचे टोक म्हणजे मधला बिंदू. त्याला ‘म’ म्हणू. ‘म’वरून ४७ मायक्रोफॅरड जमिनीला. प्रीसेटच्या सरकत्या पायावरून ‘म’कडे १०० नॅनोफॅरड. या पायावर मिळणारे व्होल्टेज ‘म’पेक्षा शून्य ते सुमारे १.१५ व्होल्ट जास्त असते आणि तोच आपला उंबरठा.

तपासणी: ‘म’वर ५.२ ते ५.५ व्होल्ट डीसी. प्रीसेट फिरवला तरी ‘म’ हलता कामा नये. हलत असेल तर सरकता पाय आणि टोक यांची अदलाबदल झाली आहे.

टप्पा २: ४७० पट वर्धन

टीएल०७२चे दोन्ही भाग इन्व्हर्टिंग पद्धतीने जोडा. दोन्हींच्या प्लस पायांना (३ आणि ५) ‘म’.

पहिला भाग: लेफ्ट इनपुटवरून १० नॅनोफॅरड आणि १०० के मालिकेत, राइटवरूनही तसेच, आणि दोन्ही पाय २ ला. पाय १ आणि २ यांच्यामध्ये १ मेग, त्याला समांतर २२ पिकोफॅरड, आणि त्याच जागी दोन १एन४१४८ एकमेकांना उलटे. वर्धन १०.

दुसरा भाग: पाय १ वरून १०० नॅनोफॅरड आणि १० के मालिकेत पाय ६ ला. पाय ६ आणि ७ यांच्यामध्ये ४७० के व समांतर ४७ पिकोफॅरड. वर्धन ४७.

उलट्या डायोडच्या जोडीवर थांबणे गरजेचे आहे, कारण ती बहुतेक जण गाळतात आणि मग आवाज खराब झाल्याची तक्रार करतात. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतो. १० पट वाढवायला गेले तर आयसी १२ व्होल्टच्या सप्लायवर केव्हाच क्लिप होते. क्लिप झाली की पाय २ ‘म’ला चिकटून राहत नाही. मग दोन १०० केमधून लेफ्टचा सिग्नल राइटमध्ये झिरपतो आणि सोर्सवर वाकडातिकडा भार पडतो. डायोड असले की आउटपुट अर्ध्या व्होल्टच्या आसपास थांबते, पाय २ जागेवर राहतो आणि मूळ सिग्नलला फक्त स्थिर १०० केचा भार दिसतो. एक-दोन मिलिव्होल्टच्या सिग्नलवर या डायोडचा काही परिणाम होत नाही.

दोन्ही भागांतील कपलिंग १५९ हर्ट्झच्या खालचे कापते. ५० हर्ट्झची गुणगुण त्यामुळे सुमारे २१ डेसिबलने खाली जाते, १०० हर्ट्झची ११ डेसिबलने. वरच्या बाजूला लहान कपॅसिटर सुमारे ७ किलोहर्ट्झच्या वरचे दाबतात, म्हणजे मोबाइलची आणि एसएमपीएसची खरखर कमी शिरते. गाण्याची ओळख पटायला मधला पट्टा पुरतो.

सबवूफरसाठी मात्र हे उलटे करावे लागेल. १० नॅनोच्या जागी १००, १०० नॅनोच्या जागी १ मायक्रो, २२ पिकोच्या जागी १ नॅनो आणि ४७ पिकोच्या जागी २.२ नॅनोफॅरड घाला. पट्टा सुमारे १६ ते १६० हर्ट्झ होतो. तिथे गुणगुण पूर्ण ताकदीने आत येणार, म्हणून केबल आणि ग्राउंड निर्दोष हवेत.

तपासणी: इनपुट जमिनीला जोडून पाय १ आणि पाय ७ वर ‘म’एवढेच डीसी दिसले पाहिजे, ५० मिलिव्होल्टच्या आत. पाय सप्लायला किंवा जमिनीला चिकटला असेल तर १ मेग किंवा ४७० केचा सोल्डर पाहा.

टप्पा ३: तुमचा सोर्स मोजा

इथे घाई केली की पुढे प्रीसेट अंदाजाने फिरवला जातो. वर्धक तयार आहेच, त्याचाच मिलिव्होल्टमीटर करायचा.

मीटरचा लाल प्रोब १ मायक्रोफॅरड फिल्म कपॅसिटरमधून पाय ७ ला, काळा जमिनीला, रेंज एसी २ व्होल्ट. कपॅसिटर हवाच, कारण काही मीटर एसी रेंजवरही डीसी मोजून भलताच आकडा दाखवतात.

आधी मीटरची परीक्षा. फोनवर ४०० हर्ट्झचा टोन लावा, मीटर आधी फोनच्या आउटपुटवर धरा आणि आवाज असा ठेवा की मीटरवर १०० मिलिव्होल्ट एसी येईल. फोनपासून १० के आणि तिथून जमिनीला १०० ओहम लावा. १०० ओहमवर १ मिलिव्होल्ट मिळतो. तो एकाच इनपुटला द्या. पाय ७ वर ०.४ व्होल्टच्या आसपास आले पाहिजे (४०० हर्ट्झवर वर्धन ४७० नसून ४०० आहे). दोन्ही इनपुटला दिला तर दुप्पट. टोन १ किलोहर्ट्झचा घेऊ नका, स्वस्त मीटर त्या फ्रिक्वेन्सीला कमी दाखवू शकतो.

आता दोन मोजमापे घ्या, तुमचा खरा सोर्स आणि तुमची रोजची केबल लावून:

१. सोर्स चालू, गाणे थांबवलेले, आवाज पूर्ण. पाय ७ वरचा आकडा लिहा. हा रिकामा आवाज.

२. सोर्सवर रात्री ऐकता तेवढा सर्वांत हळू आवाज, आणि सर्वांत शांत गाणे. ही किमान पातळी.

पहिला आकडा दुसऱ्याच्या पाचव्या भागापेक्षा कमी असेल तर काम सरळ आहे. पहिला आकडा ०.२३ व्होल्टच्या वर असेल, म्हणजे इनपुटला अर्धा मिलिव्होल्ट रिकामा आवाज येत असेल, तर पुढे जाण्याआधी कारण शोधा. ब्लूटूथ मॉड्यूल, फोनो प्रीअ‍ॅम्प आणि सेट-टॉप बॉक्स हे नेहमीचे संशयित. मॉड्यूल आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच सप्लायवर असतील तर मॉड्यूलला वेगळा सप्लाय देऊन पुन्हा मोजा.

फोन, टीव्ही किंवा संगणकावर आवाज कमी-जास्त करत असाल तर दुसरा आकडा फार लहान येईल. अशा वेळी सोर्सचा आवाज वर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉबने आवाज कमी करायची सवय लावावी लागेल. त्यासाठीच सिग्नल नॉबच्या आधी घ्यायचा आहे.

टप्पा ४: उंबरठा आणि ‘सलग टिकला का’ ही परीक्षा

एलएम३९३च्या पहिल्या भागात पाय ३ ला टीएल०७२चा पाय ७, आणि पाय २ ला प्रीसेटचा सरकता पाय. आउटपुट पाय १ वरून १० के १२ व्होल्टला. एलएम३९३चे आउटपुट स्वतःहून वर जात नाही, म्हणून हे १० के विसरले की सर्किट मुका.

पाय १ वरून १एन४१४८ (अ‍ॅनोड पाय १ कडे), मग ४७ के, मग २.२ मायक्रोफॅरड जमिनीला आणि त्याला समांतर १ मेग. या कपॅसिटरचे वरचे टोक पाय ५ ला. पाय ६ ला दोन ४७ के घालून १२ व्होल्टचे निम्मे, म्हणजे ६ व्होल्ट. पाय ७ वरूनही १० के १२ व्होल्टला. पाय ७ वर १२ व्होल्ट म्हणजे ‘सिग्नल आहे’.

कपॅसिटर ४७ केमधून भरतो आणि १ मेगमधून हळू रिकामा होतो. फ्रिजचा किंवा पंख्याच्या बटणाचा २० मिलिसेकंदांचा टक्क आवाज त्याला दीड-पावणेदोन व्होल्टपर्यंतच नेतो, ६ व्होल्ट गाठत नाही. गाणे मात्र पाव ते अर्ध्या सेकंदात गाठते. उंबरठा एकूण वेळेच्या सहा-सात टक्के तरी ओलांडला गेला पाहिजे, असा याचा हिशेब आहे. अधूनमधून उसळणाऱ्या खरखरीवर हे दार उघडत नाही. ४७ केच्या जागी १० के घालून सर्किट ‘चपळ’ करण्याचा मोह आवरा. पहिला शब्द वाचवण्याच्या नादात प्रत्येक टक्क आवाजाला अ‍ॅम्प्लिफायर जागा होईल.

इथे हिस्टेरिसिससाठी (उंबरठ्यापाशी आउटपुट फडफडू नये म्हणून ठेवायच्या तफावतीसाठी) वेगळा रेझिस्टर नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. पुढे लॅच आहे. पाय ७ चार वेळा फडफडला तरी लॅच एकदाच सेट होतो.

तपासणी: प्रीसेट असा ठेवा की सरकता पाय आणि ‘म’ यांच्यामध्ये ०.५ व्होल्ट डीसी येईल. आधीचा १ मिलिव्होल्टचा टोन एका इनपुटला दिला की पाय ७ वर १२ व्होल्ट, टोन थांबवला की एक-दोन सेकंदांत शून्य. ०.५ व्होल्ट उंबरठा म्हणजे एका चॅनेलवर सुमारे पाऊण मिलिव्होल्ट.

टप्पा ५: पंधरा मिनिटांचा काउंटर

मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि काही मेगओहमचा रेझिस्टर लावून पंधरा मिनिटे काढायची, हा या सर्किटमधला सर्वांत जुना खड्डा. १२ व्होल्टवर ६.८ मेगमधून जेमतेम पावणेदोन मायक्रोअँपिअर वाहतात. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरची स्वतःची गळतीच तेवढी असू शकते, ती उन्हाळ्यात वाढते आणि वर्षभर बंद राहिलेल्या कपॅसिटरमध्ये आणखी. मोठा कपॅसिटर घेऊन काही साधत नाही, कारण गळतीही त्याच प्रमाणात वाढते. सीडी४०६० हे काम २२० नॅनोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरवर करते.

पाय १६ ला १२ व्होल्ट, पाय ८ जमिनीला. एक सामाईक बिंदू घ्या: त्यावरून २२० के पाय १० ला, २२० नॅनोफॅरड पाय ९ ला आणि २.२ मेग पाय ११ ला. ऑसिलेटर सेकंदाला सुमारे ९ वेळा चालतो. पाय ३ (क्यू१४) ८१९२ ठोक्यांनी वर जातो, म्हणजे सव्वापंधरा मिनिटांच्या आसपास. पाय २ घेतला तर साडेसात मिनिटे, पाय १ घेतला तर पावणेचार. दहा टक्के इकडेतिकडे होईल, त्याची चिंता नको.

रिसेट हा पाय १२. त्यावरून १०० के जमिनीला, आणि दोन १एन४१४८ चे कॅथोड त्याला जोडा: एकाचा अ‍ॅनोड एलएम३९३च्या पाय ७ ला, दुसऱ्याचा पुढच्या टप्प्यातील सीडी४०१३च्या पाय २ ला. सिग्नल असेपर्यंत काउंटर शून्यावर, आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद असतानाही शून्यावर.

> सावधान: चाचणी करताना पाय ३ ऐवजी पाय १४ वापरा. तो सुमारे १४ सेकंदांत वर जातो. चाचणी संपली की वायर पाय ३ ला परत न्यायला विसरू नका. अ‍ॅम्प्लिफायर गाण्याच्या मध्यंतरातच बंद पडतो तेव्हा बरेचदा हेच निघते.

टप्पा ६: लॅच, आणि बंद होतानाचा झटका गिळणे

सीडी४०१३: पाय १४ ला १२ व्होल्ट, पाय ७ जमिनीला. न वापरलेले पाय ३, ५, ८, ९, १०, ११ सर्व जमिनीला. सीमॉस आयसीचे मोकळे पाय हवेतून काहीही पकडतात.

- पाय ६ (सेट): एलएम३९३च्या पाय ७ ला थेट.
- पाय ४ (रिसेट): १०० के जमिनीला, १ मायक्रोफॅरड १२ व्होल्टला, प्लस १२ कडे, आणि सीडी४०६०च्या पाय ३ वरून एक १एन४१४८, कॅथोड पाय ४ कडे.
- पाय १ (क्यू): १० केमधून बीसी५४७चा बेस. एमिटर जमिनीला, कलेक्टर रिलेच्या कॉइलला, कॉइलचे दुसरे टोक १२ व्होल्टला. कॉइलवर १एन४००७, कॅथोड १२ व्होल्टकडे.

पाय ४ वरचा १ मायक्रोफॅरड वीज आल्याबरोबर लॅच ‘बंद’ करतो. वीज जाऊन रात्री दोनला परत आली तर अ‍ॅम्प्लिफायर आपोआप चालू होऊ नये, यासाठी तो आहे. काउंटरला स्वतःची अशी सुरुवातीची स्थिती नसते, म्हणून नुसत्या सीडी४०६०वर रिले चालवणारे सर्किट प्रत्येक वीजकपातीनंतर वेगळे वागतात.

आता बंद होतानाचा झटका. रिले सुटतो, ट्रान्सफॉर्मरचे फ्लक्स कोसळते, अ‍ॅम्प्लिफायरचे मोठे कपॅसिटर रिकामे होताना इनपुटकडे धप्प आवाज जातो, आणि सेन्सर त्याला गाणे समजतो. चालू-बंद, चालू-बंद. यावर उपाय म्हणून बंद झाल्यावर सुमारे तीन सेकंद ओळख थांबवा: सीडी४०१३च्या पाय २ वरून १ के, मग १० मायक्रोफॅरड (प्लस पाय २ कडे), मग १०० के, मग दुसऱ्या बीसी५४७चा बेस. बेसवरून आणखी १०० के जमिनीला. एमिटर जमिनीला. कलेक्टर टप्पा ४ मधल्या २.२ मायक्रोफॅरडच्या वरच्या टोकाला. १० मायक्रोफॅरडच्या मायनस टोकावरून एक १एन४१४८, अ‍ॅनोड जमिनीला.

बेसवरचा १०० के क्षुल्लक वाटतो. तो नसेल तर १० मायक्रोफॅरडची बारीक गळती बेसमध्ये जाते, ट्रान्झिस्टर किंचित चालू राहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर काही केल्या जागा होत नाही. वीज येताना वर्धक स्थिरावत असतो, तेव्हाचे तीन सेकंदही हीच जोडणी सांभाळते.

तपासणी: रिलेच्या जागी ४.७ के आणि एलईडी लावा, काउंटरची वायर पाय १४ ला. (क) अडॅप्टर लावला: एलईडी बंदच. (ख) टोन दिला: अर्ध्या सेकंदात पेटला. (ग) टोन थांबवला: पंधरा-सोळा सेकंदांनी विझला. (घ) विझताक्षणी टोन पुन्हा दिला: तीन सेकंद काही नाही, मग पेटला. (ङ) अडॅप्टर काढून पाच सेकंदांनी लावला: बंदच. पाचही दहा-दहा वेळा जमले पाहिजेत.

टप्पा ७: मेन्सची बाजू

> सावधान: इथून पुढे २३० व्होल्ट आहे. प्लग काढा, अ‍ॅम्प्लिफायरचे मोठे कपॅसिटर १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा, मीटरने खात्री करा. मेन्स वायरिंगची सवय नसेल तर हा टप्पा सवय असलेल्याकडून करून घ्या.

क्रम: आधी अर्थ वायर चेसिसला घट्ट. मग प्लगमधून येणारी फेज फ्यूज आणि मुख्य स्विचमधून. तिथून दोन फाटे. एक फाटा अर्ध्या अँपिअरच्या स्लो-ब्लो फ्यूजमधून १२ व्होल्टच्या मॉड्यूलला, आणि त्या मॉड्यूलच्या इनपुटवर १०डी४७१ व्हॅरिस्टर (व्होल्टेजचा झटका गिळणारा भाग). दुसरा रिलेच्या कॉन्टॅक्टमधून ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला. रिले फेजच तोडतो, न्यूट्रल नाही. घरच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना, हे टेस्टरने पाहा.

व्हेरोबोर्डवर मेन्स आणू नका. शुगर क्यूब रिले व्हेरोबोर्डवर बसतो खरा, पण पट्ट्यांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतरच अडीच मिलिमीटर असते आणि मेन्स व १२ व्होल्ट यांच्यात किमान ६, शक्यतो ८ मिलिमीटर लागते. रिले आणि मॉड्यूल वेगळ्या छापील बोर्डावर घ्या किंवा तयार रिले बोर्ड वापरा.

रिले निवडताना अ‍ॅम्प्लिफायरचा चालू करंट पाहून फसू नका. ३०० व्हीएचा टोरॉइड चालू होताना पहिल्या अर्ध्या सायकलला काही दहा अँपिअर ओढू शकतो, कॉन्टॅक्ट चिकटतात आणि मग अ‍ॅम्प्लिफायर कधीच बंद होत नाही. १०० ते १५० व्हीएपर्यंत १० अँपिअरचा चांगला रिले पुरतो. त्यावर १६ अँपिअरचा रिले आणि सॉफ्ट-स्टार्ट बोर्ड (सुरुवातीचा करंट आवरणारा) घ्या. स्नबर (१०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ मालिकेत) प्रायमरीवर लावा, कॉन्टॅक्टवर नको. कॉन्टॅक्टवर लावला तर रिले सुटलेला असतानाही ७ मिलिअँपिअरच्या आसपास करंट झिरपतो.

टप्पा ८: ग्राउंड आणि बसवणे

मॉड्यूलचे १२ व्होल्ट आउटपुट मेन्सपासून वेगळे आहे, त्यामुळे सेन्सर बोर्डाच्या जमिनीला बाहेरची एकच वायर हवी: इनपुट सॉकेटच्या ग्राउंडकडे. चेसिसला दुसरी वायर जोडली की लूप तयार होतो आणि स्पीकरमधून गुणगुण येते. बोर्ड धातूच्या स्टँडऑफवर बसवला तरी हाच लूप नकळत तयार होतो. नायलॉनचे स्टँडऑफ घ्या. एकच वायर असूनही गुणगुण वाढली तर त्या वायरमध्ये १०० ओहम घाला.

सिग्नलच्या वायरी शील्ड केलेल्या, इनपुट सॉकेटवरून, व्हॉल्यूम नॉबच्या आधी. दोन्ही १०० के बोर्डाऐवजी सॉकेटवरच सोल्डर केले तर उत्तम; केबलची कपॅसिटन्स मग मूळ सिग्नलवर येत नाही. मॉड्यूल आणि टीएल०७२ पेटीच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत.

अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर प्रोटेक्शन नसेल तर ते आधी बसवा. हाताने दिवसातून दोनदा चालू-बंद होणारा अ‍ॅम्प्लिफायर आता आठ-दहा वेळा होईल, आणि प्रत्येक वेळचा धप्प आवाज वूफर खाईल.

टप्पा ९: उंबरठा ठरवणे

अ‍ॅम्प्लिफायर पेटीत बसल्यावर टप्पा ३ चे रिकाम्या आवाजाचे मोजमाप पुन्हा घ्या, एकदा अ‍ॅम्प्लिफायर बंद असताना आणि एकदा चालू असताना. दुसरा आकडा साधारणपणे मोठा येतो. मोठ्या आकड्याच्या पाचपट व्होल्टेज सरकता पाय आणि ‘म’ यांच्यात ठेवा, पण ०.३ व्होल्टच्या खाली जाऊ नका. ६० मिलिव्होल्ट रिकामा आवाज असेल तर ०.३ व्होल्ट, १०० असेल तर ०.५.

मग किमान पातळीचे गाणे लावून बसा. दोन सेकंदांत चालू झाले आणि गाणे चालू असेपर्यंत सुटले नाही तर ठीक. चालूच झाले नाही तर प्रीसेट आणखी खाली नेऊ नका, सोर्सचा आवाज वाढवा.

न झोपण्याचा आजार वेगळा ओळखा. एलएम३९३च्या पाय ७ वर मीटर लावा. तिथे सतत १२ व्होल्ट असेल तर सेन्सरला खरोखर काहीतरी ऐकू येत आहे. इनपुट केबल काढून पाहा. पाय ७ शून्य आणि तरी रिले ओढलेला असेल तर सीडी४०६०चा पाय ९ मोजा: मीटरचा आकडा डोलत असेल तर ऑसिलेटर चालू आहे आणि दोष पाय ३ ते पाय ४ या डायोडच्या दिशेत आहे. रिलेच्या कॉइलवर शून्य व्होल्ट आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू, म्हणजे कॉन्टॅक्ट चिकटले.

शेवटची परीक्षा रात्रीची. सोर्स चालू ठेवा, काही वाजवू नका, अ‍ॅम्प्लिफायर प्लगमध्ये लावायच्या ऊर्जामीटरवर लावा आणि तो झोपल्यावर आकडा लिहा. स्टँडबायचे आठ तास म्हणजे चार वॅट-तासांच्या आत. प्रत्येक चुकीची जाग २५ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला पंधरा मिनिटे चालवते, म्हणजे सहा-सात वॅट-तास जास्त. सकाळचा आकडा दहाच्या वर दिसला तर उंबरठा ०.१ व्होल्टने वाढवा आणि पुढच्या रात्री पुन्हा मोजा.